क्वाय नदीच्या काठी नावांचा शोध

पोटासाठी माणसाला कुठे कुठे जावे लागते! आमच्या आजोबांच्या पिढीने गाव सोडले आणि मुंबईची गोदी, गिरणी, रेल्वे गाठली. आमच्या पिढीत कुणी दुबईला गेले, कुणी मस्कतला. माझ्या वाट्याला बँकॉक आले. मी बी. कॉम. झालेला साधा कारकून. ज्या कंपनीत हिशेबाचे काम करतो, तिने २०२३च्या अखेरीस मला दीड वर्षासाठी तिथल्या शाखेत पाठवले. काम इथलेच, जागा तेवढी वेगळी. सकाळी मस्टर तपासायचे, महिनाअखेर पगारपत्रक करायचे, रात्री खोलीवर डाळ-भात शिजवायचा आणि घरी फोन लावायचा.

घरून दर आठवड्याला एक प्रश्न ठरलेला, "काय काय पाहिलंत?" एकदा माझ्या मुलीने विचारले, "पप्पा, तुम्ही क्वाय नदीवरचा पूल पाहिलात का? आमच्या सरांनी त्या सिनेमाची गोष्ट सांगितली." तो सिनेमा म्हणजे 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'. १९५७ साली निघाला, त्याला सात ऑस्कर मिळाले आणि ही नदी जगभर प्रसिद्ध झाली. गंमत अशी की चित्रीकरण झाले श्रीलंकेत. शिवाय ज्या नदीवर खरा पूल आहे, तिचे नाव तेव्हा क्वाय नव्हतेच, ती होती मे क्लाँग. रेल्वे ज्या नदीच्या काठाने पुढे जाते ती क्वाय. थाई भाषेत 'क्वे' म्हणजे उपनदी. इंग्रजांच्या तोंडी त्याचे 'क्वाय' झाले, आणि थाई माणसाला ते ऐकू येते म्हशीसारखे, कारण त्यांच्याकडे म्हशीला जवळजवळ तसाच शब्द आहे! सिनेमा पाहून प्रवासी येऊ लागले आणि क्वायचा पूल कुठे म्हणून विचारू लागले, तेव्हा १९६०च्या सुमारास सरकारने नदीच्या त्या भागाचे नावच बदलून क्वे याई, म्हणजे मोठी क्वे, असे ठेवले. सिनेमासाठी नदीचे नाव बदलले. पण पूल आणि रेल्वे ज्यांच्या हाडांवर उभी राहिली, त्यातल्या बहुतेकांची नावे आजही कुणाला ठाऊक नाहीत. हे मला जिथे कळले, त्या एका दिवसाची ही हकीकत आहे.

आमच्या ऑफिसात मलेशियाहून आलेला एक तमिळ सहकारी होता. वय पन्नाशीच्या पुढे. मी त्याला 'अण्णा' म्हणत असे, तो मला 'तंबी', म्हणजे धाकटा भाऊ. जेवणाच्या सुट्टीत मी मुलीचा प्रश्न त्याला सांगितला. तो घास हातात धरून थांबला. म्हणाला, "तंबी, जायचं असेल तर माझ्याबरोबर चल. मला तिथे एक काम आहे. सहा वर्षं बँकॉकला आहे, पण एकट्याने जायला धीर होत नाही."

माघ पौर्णिमेची सुट्टी लागून आली होती. थायलंडमध्ये तिला 'माखा बुचा' म्हणतात, म्हणजे माघपूजा. शनिवारी संध्याकाळी जवळच्या विहारात लोकांबरोबर मीही मेणबत्ती घेऊन प्रदक्षिणा केली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही थोनबुरी स्टेशनवर पोहोचलो. ही साधी पॅसेंजर गाडी. लाकडी बाके, उघड्या खिडक्या, डब्यात फिरणाऱ्या बायकांकडे केळीच्या पानातला भात. आपल्याकडच्या पॅसेंजरचीच आठवण यावी. तासाभराने नाखोन पाथोमचा प्रचंड स्तूप खिडकीतून दिसला. सुमारे १२० मीटर उंच, नारिंगी रंगाचा. मी बसल्या जागी हात जोडले. अण्णांनीही जोडले.

मग त्यांनी आपल्या घरची गोष्ट सांगितली.

त्यांचे पूर्वज मद्रास इलाख्यातून मलायात गेले ते रबराच्या मळ्यांवर कामाला. माणसे जमवून नेणाऱ्या मुकादमाला तिकडे 'कंगाणी' म्हणत. गावात ना जमीन ना मान. जे गेले त्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींची माणसे मोठ्या संख्येने होती. समुद्रापलीकडे तरी माणसासारखे जगता येईल, अशी आशा. १९४१च्या डिसेंबरात जपानी सैन्य मलायात उतरले, फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले. रबराची निर्यात थांबली, मळे बंद पडले, मजुरांच्या चुली विझल्या. अशा वेळी जाहिराती लागल्या, सयाममध्ये रेल्वेचे काम आहे, तीन महिन्यांचा करार, मजुरी चांगली, रेशन मिळेल. भुकेला माणूस काय करणार? काही गेले. कुणीच परत येईना, तेव्हा लोक सावध झाले. मग जबरदस्ती सुरू झाली. मळ्यावरून माणसे उचलली. काही ठिकाणी तर फुकट सिनेमा दाखवतो म्हणून लोकांना बोलावले, दारे बंद केली आणि थेट आगगाडीत कोंबले.

अण्णांच्या आजोबांचे थोरले भाऊ असेच १९४३ मध्ये गेले. त्यांची बायको मागे राहिली. ती १९८४ पर्यंत जगली, अण्णांनी तिला पाहिले आहे. "तिने कुंकू कधी पुसलं नाही," अण्णा म्हणाले. "म्हणायची, ते गेले असं मला कोणी सांगितलंय? कागद आलाय? निरोप आलाय? मग मी विधवा कशी?" चाळीस वर्षे ती बाई बिनकागदाची वाट पाहत राहिली.

मी विचारले, "अण्णा, त्यांचं नाव काय?"

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. बाहेर उसाची शेते पळत होती. म्हणाले, "तेच तर माहीत नाही, तंबी. आम्ही सगळे 'पेरिय ताता' म्हणतो, मोठे आजोबा. आजी नवऱ्याचं नाव घेत नसे. धाकटे भाऊ थोरल्याचं नाव घेत नसत. मळ्यावरची वहीखातीही लढाईत गेली. मला विचारायची अक्कल आली, तेव्हा सांगणारं कोणी उरलं नव्हतं."

माझ्या अंगावर काटा आला. नवऱ्याचे नाव न घेण्याची रीत आपल्याकडे तरी कुठे वेगळी होती?

या रेल्वेचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. ब्रह्मदेशातल्या जपानी सैन्याला रसद पोहोचवायची होती. सिंगापूरला वळसा घालून जाणाऱ्या समुद्री वाटेवर शत्रूच्या पाणबुड्यांचा धोका होता. म्हणून थायलंड ते ब्रह्मदेश अशी ४१५ किलोमीटरची रेल्वे डोंगर-जंगलातून टाकायचे ठरले. इंग्रजांनी पूर्वी हा मार्ग पाहून, फार अवघड म्हणून सोडून दिला होता. जपान्यांनी १९४२ मध्ये काम सुरू केले आणि १७ ऑक्टोबर १९४३ रोजी दोन्हीकडून येणारे रूळ एकमेकांना जोडले. सव्वा वर्षात! यंत्रे फारशी नव्हतीच. छिन्नी, हातोडा, टोपली आणि माणसाची पाठ. १९४३च्या पावसाळ्यात घाई आणखी वाढली. रात्री मशाली लावून खडक फोडून घेतले. त्यातच कॉलरा शिरला.

या कामावर ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच असे साठ हजारांहून अधिक युद्धकैदी होते. त्यांतले बारा हजारांवर मेले. सिनेमा त्यांचाच आहे. पण त्यांच्या कितीतरी पट, जवळजवळ दोन लाख किंवा त्याहून अधिक, आशियाई मजूर होते. ब्रह्मी, जावानीज, मलय, चिनी, तमिळ. मलायातून नेलेल्यांत तमिळ मजुरांचाच भरणा मोठा होता. या मजुरांपैकी किती मेले? साधारण नव्वद हजार असा अंदाज केला जातो. अंदाजच, कारण मोजणी कुणी केलीच नाही.

असे का झाले, याचे कारण सरळ आहे. कैदी उपाशी होते, मार खात होते, पण ते एक सैन्य होते. त्यांच्यात अधिकारी होते, डॉक्टर होते, पाणी उकळून पिण्याची शिस्त होती. मेलेल्याचे नाव, नंबर, तारीख, पुरलेली जागा जिवावर उदार होऊन लपवून लिहून ठेवणारे लोक होते. मजुराजवळ यातले काहीच नव्हते. त्याला ना अधिकारी, ना डॉक्टर, ना संघटना. वाचवायला कुणी नाही आणि मेल्यावर लिहायलाही कुणी नाही.

याच दोन वर्षांत इकडे काय चालले होते, तेही आठवून पाहा. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. कामगाराच्या कामाचे तास किती असावेत, त्याच्या आजारपणाचे काय, स्त्री-कामगाराच्या बाळंतपणाचे काय, हे प्रश्न सरकारच्या टेबलावर येऊ लागले. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. कायद्याच्या कागदावर मजूर आला म्हणजे तो माणूस म्हणून मोजला जातो. क्वायच्या काठी असा कागद नव्हता. तिथे काय झाले ते आपण पाहिलेच.

साडेदहाच्या सुमारास कांचनाबुरी आले. आम्ही पुढच्या थांब्यावर, पुलापाशी उतरलो.

पूल काळा, लोखंडी. त्याचे कमानदार गाळे जपान्यांनी जावा बेटावरून काढून आणलेले. मधले दोन गाळे मात्र सरळ कोनांचे आहेत. बॉम्बहल्ल्यात पडले, त्या जागी युद्धानंतर जपानने भरपाई म्हणून दिलेले. खाली नदी शांत, हिरवट पाण्याची, काठावर बांबू आणि तरंगती हॉटेले. पुलावरून चालता येते. देशोदेशीचे प्रवासी फोटो काढत होते, पोरे आइस्क्रीम खात होती. कुणी तरी मोबाइलवर त्या सिनेमातली शिट्टीची धून लावली होती. गाडी आली की सगळे बाजूच्या छोट्या सज्जांवर सरकतात आणि गाडी अगदी हळू, माणसांना खेटून निघून जाते. ही गाडी आता नाम तोकपर्यंतच जाते, पुढचे रूळ केव्हाच उखडले गेले.

अण्णांनी फोटो काढला नाही. ते मधल्या गाळ्यापाशी उभे राहून पाण्याकडे पाहत होते. म्हणाले, "आमच्याकडे या लायनीला 'सयाम मरण रयिल' म्हणतात." मी चमकलो. 'मरण' हा शब्द त्यांच्याही भाषेत मरणच आहे!

तिथून आम्ही स्टेशनजवळच्या युद्ध दफनभूमीत गेलो. इतकी नीटनेटकी जागा मी क्वचितच पाहिली असेल. हिरवेगार गवत, ओळीने सुमारे सात हजार कबरी, प्रत्येकीवर धातूची पाटी, पाटीपाशी एक तरी फुलझाड. पाटीवर नाव, पलटण, वय. २२, २५, १९. कुणाच्या तरी आईचा निरोपही कोरलेला. ही पोरेही कुणाची तरी लेकरेच होती. त्यांच्या देशांनी १९४५ मध्येच शोधपथक पाठवले, रुळांच्या कडेने जंगल पालथे घालून दहा हजारांवर कबरी शोधल्या आणि सर्वांना मानाने एकत्र आणले. हे योग्यच झाले. त्या पाट्यांपुढे मीही मान लववली. पण मनात प्रश्न उठलाच. ते शोधपथक ज्या वाटेने फिरले, त्याच वाटेवर नव्वद हजार मजूरही पडले होते. त्यांच्यासाठी पथक पाठवणारा देश कोणता?

दफनभूमीत अण्णा ओळीमागून ओळ चालत होते, पाट्या वाचत होते. इथे आपले नाव सापडणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. तरी वाचत होते. कारण विचारण्याची माझी हिंमत झाली नाही.

जवळच वाट थावोर्न वराराम नावाचे विहार आहे. 'वाट' म्हणजे विहार. तिथे आशियाई मजुरांच्या अस्थी एकत्र ठेवलेली समाधी आहे. मलेशियातल्या लोकांनी पाठपुरावा करून २०२३ मध्ये तिथे एक दगडी स्मारकही उभे केले आहे. त्याला तमिळमध्ये 'नडुकल' म्हणतात, म्हणजे रोवलेला दगड. लढता लढता पडलेल्या वीराच्या नावाने दगड रोवण्याची ही जुनी पद्धत. मी म्हणालो, "अण्णा, आमच्याकडे गावोगाव असे दगड आहेत, त्यांना वीरगळ म्हणतात." ते म्हणाले, "पण आमच्या लोकांसाठी दगड रोवायला ८० वर्षं लागली."

त्यांनी कमळाच्या कळ्या वाहिल्या, उदबत्ती लावली. मग खिशातून एक चिरूट काढून फुलांजवळ ठेवला. "त्यांना चिरूट लागायचा, एवढंच एक आजी सांगायची." हात जोडून त्यांनी दोनच शब्द उच्चारले, "पेरिय ताता." पुढे नाव घ्यायला हवे होते. तिथे आवाज थांबला. नाव नव्हतेच. पन्नाशी उलटलेला तो माणूस लहान मुलासारखा रडला. मी शेजारी उभा राहून त्रिसरण-पंचशील म्हटले. आवारातून जाणारे एक वृद्ध भिक्खू ते पाली शब्द ऐकून थांबले आणि त्यांनीही आमच्याबरोबर स्वर लावला. एक मलेशियाचा तमिळ, एक महाराष्ट्रातला बौद्ध, एक थाई भन्ते. भाषा तिघांच्या तीन, पण 'बुद्धं सरणं गच्छामि' एकच.

परतीच्या गाडीत माझे मन घाटाकडे गेले. बोरघाटातली रेल्वे १८५६ ते १८६३ या काळात बांधली गेली. आपण पुण्याला जाताना बोगदे मोजतो, मुलांना दरी दाखवतो. त्या कामावरही तापाने, कॉलऱ्याने, दरडी कोसळून हजारो मजूर मेले. त्यांची नावे कुठे आहेत? इंग्रज इंजिनियरांची नावे मिळतात, दगड फोडणाऱ्यांची मिळत नाहीत. माझे आजोबा याच रेल्वेत गँगमन होते. ऊन-पावसात रूळ तपासत चालणे, हे त्यांचे आयुष्य. त्यांच्या आधीच्यांनी काय केले, कुठे केले?

आणि दुसरीकडे भीमा-कोरेगावचा स्तंभ आठवा. १ जानेवारी १८१८च्या लढाईनंतर तो उभारला गेला आणि त्यावर नावे कोरली गेली. ४९ नावे, त्यांतली २२ 'नाक' लावलेली, म्हणजे महार सैनिकांची. ती कोरलेली होती म्हणून १०९ वर्षांनी, १ जानेवारी १९२७ रोजी, बाबासाहेब तिथे जाऊन उभे राहू शकले आणि आमचे पूर्वज कोण होते हे समाजाला सांगू शकले. ती नावे दगडावर नसती तर? मग आपणही अण्णांसारखे, हात जोडून, नावापाशी येऊन अडखळलो असतो.

मी रोज मस्टर लिहिणारा माणूस. मस्टरवर नाव नाही त्याला पगार नाही, हे रोज पाहतो. त्या दिवशी समजले की नाव लिहिलेले नसेल तर माणसाला मरणसुद्धा मिळत नाही. मागे राहिलेल्या बायकोला धड सवाष्ण म्हणता येत नाही, धड विधवा म्हणता येत नाही. गाडीतच मी डायरी उघडून आमच्या घरातली नावे लिहायला घेतली. आजोबा, आजी, पणजोबा. पणजीच्या जागी रेघ ओढून ठेवली. बँकॉकला पोहोचल्यावर गावी आत्याला फोन लावला. वय ८६. ती आधी हसली, "आता कशाला रे बाबा तिचं नाव?" मग जरा थांबून तिने नाव सांगितले, माहेरचे गाव सांगितले, आणि ती खडी फोडायला जात असे हेही सांगितले. रेघेवर मी नाव लिहिले.

२०२५च्या मध्याला परत आलो. आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी वंदनेनंतर आम्ही एक वही सुरू केली. ज्याने त्याने यावे आणि आपल्या घरातली गेलेली माणसे लिहून घ्यावीत: नाव, गाव, कुठे काम केले, कशाने गेले. गोदीत हमाली केली, गिरणीत जॉबर होते, नगरपालिकेत झाडू मारला, काहीही असो, लाजू नये. बायकांची नावे आवर्जून, माहेरच्या नावासकट. पहिल्याच रविवारी नव्वदीला टेकलेली एक माउली आली. तिचा नवरा गोदीत माल चढवताना मेलेला. आम्ही नाव विचारले तर ती पदर तोंडाला लावून गप्प. तेवढ्यात तिची नात म्हणाली, "आजी, उखाण्यात घे की!" सगळ्या बायका हसल्या. माउलीने उखाणा घेतला, खणखणीत आवाजात नवऱ्याचे नाव घेतले, आणि आम्ही ते लिहून घेतले.

वाचकहो, पैसा लागत नाही, मोठे शिक्षण लागत नाही. एक शंभर पानी वही आणि एक पेन पुरे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ या रविवारी तासभर बसा आणि विचारा. लिहून झाले की त्याची एक प्रत विहारात ठेवा, एक मुलाच्या दप्तरात द्या. आपल्या माणसांचे मस्टर दुसरे कोणी भरणार नाही. ते आपल्यालाच भरायचे आहे, आणि सांगणारी माणसे आहेत तोवरच भरायचे आहे.